सही खरी, पण कोणाची ते विचारू नका

डिजिटल सातबारा उघडला, सहीच्या चौकोनात हिरवी खूण उमटली की आपण निश्चिंत. सही कोणाची हे तिथे नावानिशी असतं, म्हणून डिजिटल सही म्हणजे सही करणाऱ्याची ओळख असंच आपण धरून चालतो. पण 'या तिघांपैकीच कुणीतरी सही केली आहे. कोणी, ते मात्र कळणार नाही' अशी हमी देणारी सहीसुद्धा गणिताने करता येते.

डेव्हिड चौम आणि युजीन व्हॅन हेस्ट यांनी १९९१ मध्ये गट-सही मांडली. तीत वाद झालाच तर सही 'उघडून' नाव काढण्याचा अधिकार एका ठरलेल्या व्यवस्थापकाकडे असतो. रिव्हेस्ट, शामीर आणि टॉमन यांनी २००१ मध्ये हा व्यवस्थापकच काढून टाकला. त्यांच्या सहीचं नाव रिंग सिग्नेचर. इतरांच्या जाहीर किल्ल्या (सही तपासता यावी म्हणून प्रत्येकाने सगळ्यांना दिलेल्या संख्या) उचलायच्या आणि त्यांच्या घोळक्यात उभं राहून सही करायची. त्यांची परवानगीही लागत नाही.

२००२ मध्ये आलेला तिचा एक प्रकार कागदावर उलगडता येतो. आशा, बाळू आणि चंदा असे तिघं. सही बाळू करतोय. गुप्त किल्ली म्हणजे एक संख्या. ठरलेल्या पायाचा तितका घात काढून मोठ्या मूळ संख्येने भागलं की उरते ती बाकी म्हणजे जाहीर किल्ली. उलट जाणं व्यवहारात अशक्य.

बाळू एक संख्या अंदाधुंद निवडतो, पायाचा तितका घात काढतो आणि तो मजकुरासोबत हॅशमधून, म्हणजे काहीही घातलं तरी त्याची ठरावीक लांबीची संख्या करणाऱ्या आणि उलट न फिरणाऱ्या गणिती गिरणीतून, काढतो. हे झालं चंदासाठीचं आव्हान. तिचं उत्तर म्हणून तो वाटेल ती संख्या ठोकून देतो. मग पायाचा उत्तराइतका घात गुणिले चंदाच्या जाहीर किल्लीचा आव्हानाइतका घात. हा गुणाकार मजकुरासह पुन्हा हॅशमध्ये घातला की आशाचं आव्हान मिळतं. तिचंही उत्तर ठोकून. त्यातून बाळूचं स्वतःचं आव्हान निघतं आणि इथे ठोकाठोकी संपते, कारण त्याच्या जागचा गुणाकार पहिल्याच पायरीला ठरून गेलाय. उत्तर = पहिली संख्या वजा (आव्हान × गुप्त किल्ली). गुप्त किल्ली नसेल तर हे जमत नाही.

सहीत जातात तीन उत्तरं आणि एक आव्हान. तपासणारा त्या आव्हानापासून फेरी मारतो. शेवटी तीच संख्या परत आली तर सही खरी. तिन्ही उत्तरं सारखीच अंदाधुंद दिसतात, त्यामुळे या फेरीच्या बांगडीचा सांधा, म्हणजे खरी सही करणाऱ्याची जागा, कुठे आहे ते कितीही संगणक जुंपले तरी कळत नाही.

घोळ होतो तो पहिल्या संख्येत. ती दोन सह्यांना एकच वापरली, तर दोन्हींत बाळूच्या जागचा गुणाकार तंतोतंत जुळतो आणि नाव फुटतं. पाठोपाठ किल्लीही. ११ ने भागून बाकी घेऊ: पहिल्या सहीत उत्तर ४, आव्हान ३, दुसरीत उत्तर १, आव्हान ८. म्हणजे ४ + ३ × किल्ली = १ + ८ × किल्ली, म्हणून ५ × किल्ली = ३. पाच पंचे पंचवीस, बाकी ३. किल्ली ५! सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची किल्ली २०१० मध्ये याच चुकीने उघडी पडली. तिथली सही साधी होती, एवढाच फरक.

'ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या साखळीबद्ध सामायिक वहीत) आहे म्हणजे निनावी' हे निव्वळ व्हॉट्सॲपी ज्ञान. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कुणालाही पाहता येतो. मोनेरो या चलनात मात्र रिंग सिग्नेचर आहे. २०२२ पासून तिथे प्रत्येक सहीत १६ किल्ल्या असतात, १ खरी आणि १५ गर्दीला. एकच नाणं दोनदा खर्चू नये म्हणून गुप्त किल्लीतून निघणारा एक शिक्काही सोबत जातो. तोच शिक्का पुन्हा दिसला की व्यवहार बाद. सुरुवातीला मात्र गर्दी न जमवता एकट्या किल्लीने खर्च करायची मुभा होती. असं उघड खर्च झालेलं नाणं दुसऱ्याच्या गर्दीत दिसलं की ते सरळ वगळता येई, आणि असं वगळत वगळत कित्येकदा एकच किल्ली उरे. २०१६ मध्ये किमान तिघांची अट आली. पण त्याआधीचे व्यवहार साखळीत तसेच आहेत, आजही तपासता येतात.