पार्श्वभूमी : मुलांमधील जंत आणि ‘इस्नोफिलिया’ नावाचा घोळ

पोटात जंत झाले की वावडिंग द्यावे, हे विदर्भातल्या घराघरांत पूर्वापार ठाऊक होते. जंत झालेल्या मुलाचे शरीर स्वतः काय करते, हा प्रश्न मात्र बराच अलीकडचा आहे. १८७९ मध्ये एका जर्मन संशोधकाने इओसिन या रंगाने लालभडक होणाऱ्या कणांच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. त्याच या इओसिनोफिल; जंत किंवा ॲलर्जी असली की त्या रक्तात वाढतात. आज नागपुरात एखादी आई लॅबचा कागद पुढे करून ‘याला इस्नोफिलिया आहे’ असे सांगते, तेव्हा ती या पेशींविषयीच बोलत असते. मूळ शब्द पेशी वाढल्याची केवळ नोंद होता; बोलीत तो आजाराचे नाव झाला.

दोष एकट्या पालकांचा नाही. १९४३ मध्ये मुंबईत काम करणाऱ्या एका डॉक्टरने रात्री उसळणारा खोकला, दम आणि इओसिनोफिलची प्रचंड वाढ यांना मिळून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ म्हटले आणि आर्सेनिकयुक्त औषधे वापरली. छातीच्या एक्स-रेमधील ठिपक्यांमुळे असे रुग्ण क्षयाचे समजले जात असत. १९६० मध्ये अशा रुग्णांच्या फुप्फुसांत, यकृतात आणि लसिकाग्रंथींत हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिल्ले सापडली आणि खरे कारण उलगडले. रक्तात ती सहसा दिसत नाहीत, कारण या रुग्णांचे शरीर त्यांना अतिशय तीव्रपणे मारत असते आणि त्या माऱ्याचा त्रास फुप्फुसांना होतो. या आजारात इओसिनोफिलची संख्या सहसा मायक्रोलिटरमागे ३००० च्या वर जाते. धुळीच्या ॲलर्जीमुळे ७०० वर गेलेल्या मुलालाही तेच नाव चिकटावे, हे माझ्या मते या शब्दाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

पोटातल्या जंतांनी हा घोळ आणखी वाढवला. गोल जंताची अंडी पोटात गेल्यावर अळ्या आतड्यातून रक्तावाटे फुप्फुसांत जातात, तिथून घशात येऊन पुन्हा गिळल्या जातात आणि मगच आतड्यात मोठ्या होतात. इओसिनोफिल सर्वाधिक वाढतात त्या या प्रवासात. शौचात अंडी दिसायला मात्र दोन-तीन महिने लागतात. म्हणून एकाच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट ‘वाढलेला’ आणि शौचाचा ‘निरंक’ आला, तरी दोन्ही बरोबर असू शकतात. उलट, रात्री गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या बारीक कृमींमुळे इओसिनोफिल क्वचितच वाढतात.

१९६६ मध्ये ॲलर्जी आणि जंत या दोन्हींत वाढणारे इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड (शरीराने बनवलेले संरक्षक प्रथिन) ओळखले गेले आणि १९८६ मध्ये उंदरांच्या टी पेशींचे, म्हणजे प्रतिकाराचे आदेश देणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, दोन प्रकार वेगळे झाल्यावर चित्र बदलले. दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या संदेशांमुळे आतड्यात चिकट स्राव वाढतो, स्नायूंची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलला जातो. प्रत्यक्षात मुलांचे शरीर अनेकदा इतके टोक गाठत नाही. संसर्ग लांबला की प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशी व इम्युनोग्लोब्युलिन-जी-४ हे सौम्य प्रतिपिंड वाढतात आणि जंत व मूल यांच्यात एक प्रकारची तडजोड होते. गोल जंत व चाबूक कृमींचे ओझे शाळकरी वयात सर्वाधिक असते आणि पुढे घटते, तर आतड्यातून रक्त शोषणाऱ्या अंकुश कृमींचे प्रौढपणीही टिकते किंवा वाढते. ही घट प्रतिकारशक्तीमुळे होते की मातीशी संपर्क कमी झाल्यामुळे, यावर वाद आहे.

ही तडजोड मोडली तर काय होते, हा प्रश्न त्यानंतर गाजला. आफ्रिकेतील गॅबॉन देशातल्या शाळकरी मुलांना वारंवार जंतनाशक दिल्यावर घरातील धुळीच्या किड्यांविषयी त्यांच्या त्वचेची संवेदनशीलता वाढल्याचे आढळले. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमधल्या अभ्यासात तसे दिसले नाही. रक्तक्षय व कुपोषण समोर दिसत असताना ॲलर्जीच्या शक्यतेसाठी गोळी रोखावी, हे मला पटत नाही. २०१५ मध्ये काही राज्यांत सुरू झालेला जंतनाशक दिन आता देशभर शाळा-अंगणवाड्यांत पाळला जातो. दोन वर्षांवरील मुलाला ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी; मोठी मुले ती चावून खातात, अगदी लहानांना कुटून देतात.

२०१९ मध्ये हत्तीरोगासाठी तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत नागपूर होते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांतले आयव्हरमेक्टिन देत नाहीत. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप आला आणि ‘गोळी बाधली’ अशी तक्रार झाली. असा ताप बहुधा रक्तात मरणाऱ्या सूक्ष्म कृमींना शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा असतो आणि ज्यांच्या रक्तात कृमी जास्त, त्यांना तो अधिक जाणवतो.