भाल्याने मासेमारी

भाल्याने मासेमारी : मासा डोळ्यांनी हेरून, त्या एकाच माशावर नेम धरून टोकदार शस्त्राने तो टिपण्याची पद्धत. जाळ्याला व गळाला मासा दिसला नाही तरी चालते. भालेकऱ्याला तो दिसावाच लागतो. म्हणून या पद्धतीचा प्रसार, तिची साधने आणि तिचा ऱ्हास या तिन्ही गोष्टी पाण्याच्या नितळपणाशी बांधलेल्या आहेत. काठावरून किंवा होडीतून मारायचा साधा भाला, दोरी बांधलेला व टोक सुटे होणारा हार्पून आणि पाण्याखाली श्वास रोखून चालवायची भालाबंदूक हे तिचे ठळक प्रकार. आज ‘स्पिअरफिशिंग’ म्हटले की शेवटचा प्रकारच अभिप्रेत असतो आणि तो मुख्यतः समुद्रातील खडकांवर व प्रवाळभित्तींवर चालतो. सोलापूर जिल्ह्यात भीमा, सीना, नीरा व माण या नद्यांवरील मासेमारी जुनी आहे. भाला मात्र तेथे गौणच राहिला.

प्राचीनता : भाल्याने मासे मारणे गळाच्या आधीचे असावे, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते काळाबद्दल. काँगोतील सेमलिकी नदीकाठी कटांडा येथे हाडापासून घडवलेली, एका कडेला काटे असलेली टोके मिळाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांत त्यांचे वय सुमारे ९०,००० वर्षे दिले गेले. हा काळ मान्य केला, तर यूरोपातील अशा टोकांपेक्षा ती कितीतरी पटींनी जुनी ठरतात. आक्षेप असा की, जवळच्याच इशांगो येथील तशाच घडणीची टोके साधारणपणे २०,००० ते २५,००० वर्षांपूर्वीची आहेत. मग मधल्या प्रदीर्घ काळात ही कला कोठे होती? टोके वरच्या थरांतून खाली घसरली असावीत, असेही सुचवले गेले. उलट बाजूने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तेथील माशांची हाडे. ती मोठ्या, पूर्ण वाढलेल्या मार्जारमीनांची, म्हणजे मांगूर कुळातील माशांची आहेत. पिलांची जवळजवळ नाहीत. अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात आलेले मोठे मासे हेरून मारले, तर नेमका असाच ढीग उरेल. थर हलल्याच्या तर्कापेक्षा हाडांची ही साक्ष अधिक वजनदार वाटते; तथापि ९०,००० हा आकडा अंदाज म्हणूनच वापरलेला बरा. फ्रान्स व स्पेनमधील माग्दालेनियन या अश्मयुगाच्या अखेरच्या संस्कृतीचे सांबरशिंगी हार्पून बरेच अलीकडचे असून ते माशांसाठी होते की रेनडिअरसाठी, हा वाद तेथेही आहेच.

भारतात हा प्रश्न गंगा-यमुना दुआबातील ताम्रनिधींच्या, म्हणजे पुरून ठेवलेल्या तांब्याच्या वस्तूंच्या साठ्यांच्या, निमित्ताने उभा राहिला. या निधींत दोन्ही बाजूंना काटे असलेले तांब्याचे जड हार्पून आढळतात. ते सामान्यतः इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातले मानले जातात. नावावरून ते माशांसाठी असतील असे वाटते. परंतु मिर्झापूर परिसरातील घोडमंगर येथील शैलचित्रात काटेरी भाल्यांनी गेंड्याची शिकार चाललेली दिसते. हे चित्र जॉन कॉकबर्न याने १८८३ मध्ये नोंदवले. एकच हत्यार दोन्हींसाठी चालले असणे अशक्य नाही. मात्र तांब्याच्या वजनाचा विचार करता मोठ्या जनावराचा पक्ष सरस ठरतो. नदीतल्या माशासाठी इतके तांबे खर्ची घालण्याचे कारण दिसत नाही. बांबूचे चिरलेले टोकही ते काम करते.

भीमा खोऱ्यातील पुरावा याहून तुटपुंजा आहे. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीवर चांडोली व इनामगाव (दोन्ही पुणे जिल्हा) ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे आहेत. चांडोलीच्या उत्खननात तांब्याचे एक पाते मिळाले. त्याची मूठ शिंगांसारखी दुभंगलेली असून पात्याच्या मध्यावर कणा आहे. काहींनी त्याला खंजीर म्हटले, काहींनी भाल्याचे पाते. त्यावर उलटे काटे नसल्याने ते मासेमारीशी जोडणे धाडसाचे होईल, कारण काट्यांवाचून भोसकलेला मासा एका हिसक्यात सुटून जातो. इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले. तेथील वस्ती साधारणपणे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली असून माशांची हाडेही मिळाली आहेत. तेथील लोक मासे खात होते एवढे यावरून ठरते. ते कसे पकडत, हे हाडे सांगत नाहीत.

मध्ययुगासाठी सोलापूरच्या अभ्यासकाला एक जवळचा ग्रंथ उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लासा’त, वीस विनोदांच्या (करमणुकींच्या) विभागात, ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरण आहे. आजचा सोलापूर जिल्हा या राज्यात मोडत होता व राजधानी कल्याणी (बसवकल्याण, कर्नाटक) येथून फार दूर नव्हती. प्रकरणात समुद्रातील व नद्यांतील मिळून सुमारे ३५ प्रकारचे मासे, त्यांचे खाद्य आणि गळ, दोर व काठी यांची सिद्धता सांगितली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातील नावांची आजच्या जातींशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. ‘रोहित’ म्हणजे रोहू यात अडचण नाही; ‘पाठीन’ हा मोठा मार्जारमीन असावा; काही नावे मात्र ओढूनताणून बसवलेली वाटतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, राजाच्या या करमणुकीचा सारा भर आमिष व गळ यांवर आहे. मासा आधी दाणापाण्याने माणसाळवायचा व मग ओढायचा, अशी ही रीत आहे. गढूळ, संथ डोहांच्या मुलखात राजानेही दुसरे काय केले असते?

भूमध्य सागरी परंपरा वेगळी, कारण पाणी वेगळे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने इटली व सिसिली यांमधील मेसिनाच्या सामुद्रधुनीतील तलवारमाशाच्या शिकारीचे वर्णन केले असून ते भूगोलकार स्ट्रेबोच्या ग्रंथात उद्धृत आहे. एक टेहळ्या सर्व होड्यांना इशारा देतो. प्रत्येक होडीत दोघेच : एक वल्हवणारा, दुसरा भाला घेऊन नाळेवर उभा. टोक माशात रुतले की दांड्यापासून सुटते व लांब दोरीने होडीशी बांधलेले राहते. मासा दमेपर्यंत दोरी सोडत राहायचे. दांडा ओक व पाइन अशा दोन लाकडांचा करीत. पाण्यात पडलाच, तर ओकचे टोक बुडून पाइनची बाजू वर राही व तो परत उचलता येई.

साधने व तंत्र : काठावरून भाला मारताना मुख्य अडचण प्रकाशाच्या वक्रीभवनाची. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ असल्याने सरळ वरून पाहता मासा खऱ्या खोलीच्या पाऊण खोलीवर भासतो. तिरप्या नजरेला फरक आणखी वाढतो. म्हणून दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा, हे मुरलेल्या भालेकऱ्याला गणितावाचून कळते. पाणबुड्याचा चष्मा लावून पाण्यात उतरले की ही अडचण रूप बदलते : मासा एक चतुर्थांशाने जवळ व सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो. नवख्यांनी सांगितलेल्या माशाच्या लांबीतून एक चतुर्थांशाची वजावट करण्यास हरकत नाही.

पाण्याखालच्या आधुनिक प्रकाराने १९३०च्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर आकार घेतला. लुई द कोर्लियू याने पायांत घालायच्या रबरी परांचे पेटंट १९३३ मध्ये घेतले. स्प्रिंगच्या बंदुका त्याच सुमारास आल्या; ताणलेल्या रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या बंदुका दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाल्या आणि आज त्यांचेच चलन अधिक आहे. पोलादी बाणाच्या टोकाशी उघडझाप करणारी पाकळी असते. ती आत जाताना मिटते व ओढताना उघडते. ताम्रनिधींतील काट्यांचे काम तिने उचलले, इतकेच.

खडकावरील दिवस सहसा मित्रांच्या जोडीनेच काढला जातो. त्यामागे हौसेपेक्षा शरीरशास्त्र अधिक आहे. दर १० मी. खोलीला दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका (एका वातावरणाने) वाढतो : १० मी.वर फुप्फुसातील हवेचे आकारमान निम्मे, २० मी.वर एक तृतीयांश. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो व श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते. वर येताना दाब उतरतो, तसा ऑक्सिजनचा आंशिक दाब एकाएकी कोसळतो आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ शुद्ध हरपते. बुडी मारणाऱ्याला पूर्वसूचना मिळत नाही. म्हणून ‘एक खाली, एक वर’ हा नियम. खालचा वर येऊन नीट बोलू लागेपर्यंत वरच्याने नजर हटवायची नाही. भरलेली बंदूक पाण्याबाहेर आणायची नाही, हा दुसरा नियम.

गोबरा व हेकरू यांसारखे मासे कपारीच्या तोंडाशी स्थिर उभे असतात. पाठलाग केला की ते आत शिरतात आणि कल्ले फुगवून स्वतःला अडकवून घेतात. मग बाण वाकतो, मासा हाती लागत नाही. जाणता माणूस त्यामुळे तळाशी पडून राहतो, नजर दुसरीकडे ठेवतो व मासा कुतूहलाने वळून आडवा येईपर्यंत थांबतो. नेम डोळ्यामागे, कण्याच्या रेषेवर. तेथे लागल्यास मासा जागीच थिजतो. पोटात लागल्यास त्याची तडफड व रक्त शार्कला बोलावणे धाडतात. मारलेले मासे कमरेला न अडकवता दूरच्या तरंगत्या बोयाला बांधतात, ते त्याचसाठी.

परिणाम : एका वेळी एकच, निवडलेला मासा मारला जातो व जाळ्यासारखी नको ती मासळी मरत नाही, हा या पद्धतीचा नेहमी सांगितला जाणारा गुण. तो खरा आहे, पण अपुरा. गोबऱ्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात व मोठेपणी त्यांतील काही नर होतात. भालेकरी साहजिकच सर्वांत मोठा मासा टिपतो, म्हणजे नर. त्यामुळे संख्या फार न घटताही प्रजनन बिघडू शकते. टाकीतील हवेच्या साह्याने बुडी मारून भाला वापरण्यास अनेक देशांत बंदी आहे. उलट अटलांटिक व कॅरिबियन समुद्रात शिरकाव केलेल्या लायनफिशवर भाला हाच उपाय ठरला आहे, कारण हा मासा गळाला क्वचितच लागतो.

महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असून प्रवाळालाही याच कायद्याने संरक्षण आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ कि.मी.वर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडीत प्रवाळभित्ती आहे. तिचा माथाही पृष्ठभागापासून सुमारे २० मी. खाली असल्याने श्वास रोखून तेथे काम करणे हौशी माणसाच्या आवाक्यातले नाही. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. कोकण किनाऱ्यावर तेव्हा पाण्याखाली हातभरही दिसत नाही, ते वेगळेच.

सोलापूर जिल्हा : येथील नद्या काळ्या मातीतून वाहतात. पावसाळ्यात ही माती पाण्यात उतरते व तिचे बारीक कण लवकर तळाला बसत नाहीत. भीमेवरील उजनी धरण (यशवंतसागर, १९८०) झाल्यावर गाळ अडला, पण पुणे व पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेले हिरवे शेवाळ आले आणि पाण्याचा पारदर्शकपणा परतला नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून तिच्यातील ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखालचा, आहे. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ तरी खाली बरेच पाणी असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या गावठाणांच्या भिंती व पळसदेवचे जुने देऊळ (इंदापूर तालुका) उघडे पडते. असे अवशेष समुद्रात असते, तर भालेकऱ्यांची तेथे रीघ लागली असती. येथे त्यांची ओळख जाळी फाटण्याच्या जागा म्हणूनच आहे.

जलाशयातील मासेमारी होड्या व तंगुसाची जाळी यांवर चालते. पूर्वी नदीपात्रात गूळ करण्याची काहीलही होडीसारखी वापरीत. कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडले जाते, तरी चिलापीचे प्रमाण मोठे आहे. बाहेरून आलेला हा मासा हटवायला लायनफिशसारखा भाला वापरावा, ही कल्पना कागदावर आकर्षक. पाणी ती चालू देणार नाही. आफ्रिकी मांगूर, म्हणजे कटांड्याच्या माशांचाच सगोत्र, तळ्यांत पाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्देशांनंतर बंदी असून जलाशयाकाठच्या तळ्यांवर कारवाया झाल्या आहेत.

भाल्याचा खरा नातलग जिल्ह्यात एकच आढळतो, तो चढणीच्या माशांच्या वेळी. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत उलटे चढतात. रात्री घोटाभर पाण्यात, बत्तीच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, ते काठीने व कोयत्याने मारले जातात. पाणी तेव्हाही गढूळच असते, परंतु इतके उथळ की माशाची पाठ उघडी पडते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ६०० मि.मी.हून कमी असल्याने ही संधी वर्षातून मोजक्याच रात्री येते, आणि नेमके अंड्यांनी भरलेले मासे मरत असल्याने मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने ती पद्धत घातकच मानली जाते.