कान्होजी (व्यक्तिनाम)

कान्होजी हे मराठी पुरुषनाव आहे. कृष्णाच्या ‘कान्हा’ किंवा ‘कान्हो’ या लोकरूपाला आदरार्थी ‘जी’ जोडून ते तयार झाले. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हे नाव घाटावर आणि कोकणात रुळलेले होते. आज नव्या बाळाचे नाव म्हणून ते क्वचितच ऐकू येते. तरीही कोकणच्या किनाऱ्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे नाव ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्यामुळे ते सर्वांच्या ओळखीचे झाले, आणि बहुधा त्यांच्यामुळेच ते पाळण्यापासून दूरही गेले. ओळख मोठी आणि नाव धारण करणारे मोजके, असे मराठीत फार थोड्या नावांच्या बाबतीत घडले आहे.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘कृष्ण’ या शब्दाचे प्राकृतात ‘कण्ह’ झाले आणि त्यातून मराठी ‘कान्ह’ आले. ‘उष्ण’चे ‘उण्ह’ होऊन पुढे ‘ऊन्ह’, ‘ऊन’ व्हावे, तसाच हा बदल आहे. ‘किसन’ हे रूपही कृष्णाचेच. पण ते ‘कृष्ण’ हा संस्कृत शब्द पुन्हा कानावर पडू लागल्यानंतर, तो तोंडात बसवताना झालेले रूप आहे. ‘कान्हो’ मात्र बोलीच्या अखंड प्रवाहातून आले, म्हणून या दोहोंत ते जुने म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रात त्याचे वय दोन हजार वर्षांच्या घरात जाते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचा उल्लेख आहे. उत्तर कोकणात साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांनाही याच शब्दाने नाव दिले. तिथल्या लेखांत ‘कण्हसेल’ म्हणजे काळा डोंगर हे रूप येते, आणि तिथला काळा कातळ पाहिला की ते पटते. म्हणजे कोकणाच्या भूमीवर हा शब्द देवाच्या आधी डोंगराच्या नावात कोरला गेला. पुढे देवगिरीच्या यादवांतला तेराव्या शतकातील राजा कृष्ण हा मराठी ग्रंथांत कान्हरदेव म्हणून येतो. संतपरंपरेत मंगळवेढ्याच्या कान्होपात्रा आणि तुकारामांचे धाकटे बंधू कान्होबा यांनी हे नाव घराघरांत पोचवले. कान्होपात्रा हे या कुळातले जवळजवळ एकमेव प्रसिद्ध स्त्रीनाव आहे. गुजरातीतले ‘कानजी’, हिंदीतले ‘कन्हैया’ आणि तमिळमधले ‘कण्णन’ ही याच घराण्यातली नावे. कानजीची तर घडणही कान्होजीसारखीच आहे. मुंबई बंदराच्या व्यापारात ही दोन्ही नावे शेजारी नांदली.

‘ओजी’चा शेवट

मालोजी, तुकोजी, सेखोजी, राघोजी, कान्होजी या नावांतला ‘जी’ मुळात आदराचा होता. पण तो नावात इतका मुरला की वेगळा काढता येईना. तान्ह्या मुलाचे नावही कान्होजीच ठेवत. घरात हाक मारताना मात्र हा ‘जी’ गळायचा आणि कान्हू, कान्ह्या, कान्होबा अशी रूपे व्हायची. बोलण्यात ‘न्ह’मधला ह पुसट होत असल्याने ‘कानोजी’ असा उच्चारही होतो.

अशी नावे म्हणजे सरदारांची मिरास होती, हा समज चुकीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. या एका नावात वडील आणि आजोबा अशा दोन पिढ्यांचे ‘जी’ आहेत. कोकणातल्या वेगवेगळ्या जातींत भिकाजी, धोंडजी, रामजी अशी नावे ठेवली जात. मात्र त्यांतला एक भेद नीट पाहायला हवा. भिकाजी, धोंडू ही आधीची मुले दगावल्यावर, या बाळाला तरी काळाची नजर लागू नये म्हणून ठेवलेली नावे. भिकेत मिळालेला, धोंड्यासारखा टिकणारा, असे म्हणून आईबाप त्याला राखत. कान्होजी या प्रकारातले नाही. ते सरळ देवाचे, लाडाचे आणि कौतुकाचे नाव आहे.

कोकणातील पार्श्वभूमी

दक्षिण कोकणात गावावर सत्ता रवळनाथ, सातेरी, माउली, वेतोबा, रामेश्वर यांची. गाऱ्हाणे त्यांनाच घालतात. रवळू, रवळनाथ अशी माणसांची नावेही त्यांच्यावरून पडतात. ग्रामदेव म्हणून कृष्ण इथे सहसा आढळत नाही. गोव्यातल्या माशेलचे देवकीकृष्णाचे देवस्थान हे अपवादांपैकी एक. त्यामुळे कान्होजी हे नाव इथे गावाच्या मानकऱ्यांच्या देवाकडून आलेले नाही. ते आले अभंगांतून आणि गवळणींतून. रत्नागिरीकडच्या नमन-खेळे या लोकनाट्यात गणानंतर गवळण येते, पेंद्या आणि मावशी येतात, आणि गौळणींची वाट अडवणारा कान्हा येतो. वाडीतल्या ज्या मुलाने पोथी कधी उघडली नाही, त्यालाही कान्हा माहीत असतो तो या खेळातून.

बारशाच्या रीतीतही कृष्णनावांना मान आहे. बाराव्या दिवशी बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात, तेव्हा ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हणतात. त्यानंतर आत्या कानात कुर्र करून खरे नाव सांगते. पंचांग पाहणारे ‘का’ हे अक्षर मृग नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला, म्हणजे मिथुन राशीला देतात. त्या चरणावर जन्मलेल्या मुलासाठी कान्होजी सुचायला हरकत नसते; निवड मात्र बहुधा दुसऱ्याच नावाची होते.

इतिहासातील धारक

मावळातल्या कारीचे देशमुख कान्होजी जेधे हे शिवकालातले सर्वांत ठळक कान्होजी. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून ते मुलांसह शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. वऱ्हाडात परसोजी भोसल्यांचे पुत्र कान्होजी भोसले यांना सेनासाहेब सुभा हे पद मिळाले. मावळ, वऱ्हाड आणि कोकण अशा तीन दूरच्या मुलखांत एकाच शतकाच्या अवधीत हे नाव मोठ्या पदांवर दिसते. तेव्हा ते कुणा एकाचे नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

ते एकाचे झाले कोकणात. कान्होजी आंग्रे यांचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हे कान्होजींच्या उदयाचे ठिकाण. पुढे ते मराठी आरमाराचे सरखेल झाले. १७१३-१४ मध्ये श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षात आले. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या पाण्यातून जहाज न्यायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. इंग्रजांना आणि पोर्तुगिजांना तो मान्य नव्हता. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर मोहीम काढली, ती फसली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोवर त्यांना समुद्रावर कुणी हरवू शकले नव्हते. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी ही त्यांच्या मुलांची नावे. सगळीच ‘जी’कारान्त आहेत, त्या काळच्या नावांची रीत या एका घरावरून कळते. कुलाब्याच्या गादीच्या शेवटी हे नाव पुन्हा आले. १८३८ च्या अखेरीस दुसरे रघोजी आंग्रे वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या मुलाचे नाव मूळपुरुषावरून कान्होजी ठेवले. ते मूल जगले नाही, आणि औरस वारस नाही म्हणून १८४० मध्ये इंग्रजांनी कुलाबा संस्थान खालसा केले. पूर्वजाचे नाव वंशजाला देऊन घराणे चालू ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्या बाळाचे नाव ठरवताना वाड्यातल्या माणसांनी केवढी आशा त्यात घातली असेल! कान्होजी या नावाच्या इतिहासातला हा सर्वांत चटका लावणारा प्रसंग आहे, आणि आंग्र्यांवरच्या लेखनात त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही याची खंत वाटते.

परकीयांच्या कागदांत हे नाव ‘कोनाजी’, ‘कॉनाजी’ अशा वळणांनी येते आणि पुढे आडनावाचे ‘अँग्रिया’ होते. लंडनच्या वाचकांना ठाऊक झाला तो हा अँग्रिया. शिवाय वडील आणि मुले अशा दोन्ही पिढ्यांना इंग्रज याच एका शब्दाने ओळखत. त्यामुळे कान्होजी कोणते आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा कैद झालेले तुळाजी कोणते, याचा घोळ त्या जुन्या मजकुरांत वारंवार होतो. ते कागद वाचताना आधी साल पाहावे आणि मगच माणूस ठरवावा.

प्रसार आणि घट

जनगणनेत माणसाचे नाव लिहून घेतात, पण नावानुसार आकडे प्रसिद्ध करत नाहीत. नावाचा माग काढायचा तर शाळेचे दाखले, जन्मनोंदी आणि मतदार याद्या पाहाव्या लागतात. मराठी रीतीने माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. त्यामुळे विरळ होणारे नाव आधी पहिल्या जागेवरून जाते आणि आणखी एक पिढी मधल्या जागेवर टिकते. कान्होजी आता बहुधा तिथेच भेटते, किंवा मग वडीलधाऱ्या माणसांत.

घट एकट्या कान्होजीची नाही, ‘जी’कारान्त नावांचीच आहे. विसाव्या शतकात गिरणगावात नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांच्या मुलांना मधुकर, प्रभाकर, सुधाकर अशी नावे मिळाली. पुढच्या पिढीला संजय, संतोष, महेश ही नावे आली आणि नंतर दोन-तीन अक्षरी सुटसुटीत नावांचा काळ आला. तुकोजी, सेखोजी तर पार गेलीच. मात्र शिवाजी, संभाजी, तानाजी ही नावे विसाव्या शतकातही गावोगाव ठेवली गेली. ती टिकली आणि कान्होजी का टिकले नाही, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

एक कारण भूगोलाचे. शिवाजी महाराजांची आठवण साऱ्या महाराष्ट्राची आहे. आंग्र्यांची आठवण किनाऱ्यावरची. सह्याद्री ओलांडून ती गेली, पण घाटावरच्या माणसाला आरमाराचा अनुभव नव्हता. दुसरे कारण घराच्या सत्तेचे. कुलाबा संस्थान १८४० मध्ये संपल्यावर हे नाव दरबारात आणि उत्सवात घोषाने घेणारे कुणी उरले नाही. तिसरे कारण या नावाच्या आतलेच आहे. ज्यांना देवाचे नाव हवे होते त्यांच्यापुढे कृष्णा, बाळकृष्ण, मुकुंद, मुरारी असे कितीतरी पर्याय होते; आणि ज्यांना वीराचे नाव हवे होते ते शिवाजी-संभाजीकडे वळले. कान्होजी या दोहोंच्या मध्ये राहिले. ‘सरखेल’ आणि ‘आंग्रे’ यांच्याशी ते इतके घट्ट बांधले गेले की नुसते ‘कान्होजी’ म्हटले तरी पुढचे आडनाव आपोआप ऐकू येते. प्रस्तुत लेखकाला हे तिसरे कारण सर्वांत वजनदार वाटते.

सार्वजनिक वापर

थळच्या समोरचे खांदेरी बेट सरकारी नोंदीत कान्होजी आंग्रे बेट झाले. १८६७ मध्ये बांधलेले तिथले दीपगृहही आता त्याच नावाने ओळखले जाते. किनाऱ्यावरचे कोळी मात्र खांदेरीच म्हणतात, आणि बेटावरच्या वेताळाला नारळ ठेवायला जातात तेव्हाही नाव तेच असते. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्या यादीतही खांदेरी हेच नाव आहे. हे योग्यच झाले. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये जो किल्ला बांधायला घेतला, त्याचे जुने नाव पुसण्याची गरज नव्हती.

१९९९ मध्ये टपाल खात्याने कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबाचे, म्हणजे लढाऊ जहाजाचे, तिकीट काढले. इतर ठिकाणी मान आडनावाला मिळालेला दिसतो. मुंबईतला नौदलाचा तळ ‘आयएनएस आंग्रे’ आहे, जयगडच्या खाडीतले बंदर ‘आंग्रे पोर्ट’ आहे. पहिले नाव एकटे क्वचितच लागते.

आजची स्थिती

अलीकडे कृष्णाची लोकरूपे पुन्हा आवडीची होत आहेत. हिंदी मालिकांमुळे ‘कान्हा’ हे लाडाचे नाव मराठी घरांत ऐकू येते, आणि गोकुळाष्टमीला मोरपीस लावून नटवलेल्या पोराला तर सगळे कान्हाच म्हणतात. हा शब्द बाहेरून आल्यासारखा वाटतो, पण त्याच्या मुळाशी कान्हेरीच्या लेखांतला तोच ‘कण्ह’ आहे. कागदोपत्री अशा मुलाचे नाव क्रिश, कृष्णा किंवा कृशिव असे काहीसे असते. पूर्ण ‘कान्होजी’ ठेवणारे आईवडील विरळा. पुत्राला हे नाव देताना आजोबा-पणजोबांपैकी कुणाचे नाव पुढे चालवणे, किंवा आंग्र्यांविषयीचा आदर, यांपैकी एक तरी कारण सहसा असते. नाव लिहिताना ‘न्ह’ हे जोडाक्षर चुकून ‘कानहोजी’ असे सुटे पडते. दाखल्यावर आणि आधार कार्डावर ते एकदा तसे छापले गेले की दुरुस्त करायला खेपा घालाव्या लागतात, म्हणून जन्मनोंद करतानाच ‘कान्होजी’ असे नीट तपासून घ्यावे.