बॅटरी-साठ्यासह विद्युत वाहन चार्जिंग केंद्र

व्यावसायिक चार्जिंग केंद्राच्या आवारात मोठा स्थिर बॅटरीसंच बसवून, वीजवाहिनीतून संथपणे घेतलेली वीज त्यात साठवायची आणि वाहनाला चार्जरची गन (केबलच्या टोकाची जोडणी) लावली की ती वेगाने सोडायची, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे मंजूर भार कमी असलेल्या जागेवरही जलद चार्जर चालवता येतात. बॅटरी येथे वीज निर्माण करत नाही. उलट साठवणे आणि काढणे या दोन्ही टप्प्यांवर मिळून साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते. वीज घेण्याची वेळ आणि देण्याची वेळ एकमेकींपासून सोडवणे एवढेच तिचे काम आहे. सकाळी तासभर येणारे नळाचे पाणी गच्चीवरच्या टाकीत भरून दिवसभर पुरवणाऱ्या सोसायट्यांना हे तत्त्व नवे नाही, आणि टाकीची मर्यादाही त्यांना ठाऊक असते.

अशा केंद्राची गरज जलद चार्जरच्या शक्तीमुळे निर्माण झाली. घरी रात्रभरात गाडी चार्ज करणाऱ्या एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) चार्जरला ३ ते ७ किलोवॅट पुरतात, तर महामार्गावरचे डीसी (एकदिश प्रवाहाचे) चार्जर ६०, १२०, कधी २४० किलोवॅटचे असतात. गल्लीच्या तोंडाशी दिसणारे १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र अनेक घरांना पुरते. पण १२० किलोवॅटचा एक चार्जर पूर्ण भाराने चालला, तर त्या रोहित्राची सगळी क्षमता त्याला एकट्यालाही अपुरी पडेल. म्हणून मोठ्या केंद्राला ११ किंवा २२ केव्हीची उच्चदाब जोडणी, स्वतःचे रोहित्र, मापन संच आणि बहुधा रस्ता खोदून टाकलेली केबल लागते. या कामाचा खर्च आणि त्यासाठी लागणारा काळ चार्जरच्या किमतीइतकाच, क्वचित अधिकही जाचक ठरतो. शिवाय एवढी जोडणी घेतली तरी दिवसाच्या बहुतेक वेळी ती रिकामीच असते.

भाराचे हे अनियमित रूप जवळून पाहिले की बॅटरीचे कार्य उलगडते. २० टक्के चार्ज उरलेली गाडी येते, चालक गन लावून चहाला जातो, आणि पडद्यावरचा आकडा मिनिटाभरात ५५-५८ किलोवॅटवर चढतो. बराच वेळ तो तेथेच राहतो. ८० टक्क्यांच्या आसपास गाडीतील नियंत्रक स्वतःच्या बॅटरीच्या रक्षणासाठी प्रवाह घटवू लागतो आणि आकडा पायरीपायरीने ३०, २०, १२ असा उतरतो. चार्जरवर १२० किलोवॅट लिहिलेले असले, तरी किती शक्ती घ्यायची हे गाडी ठरवते. भारतातील अनेक प्रचलित चारचाकी ५०-६० किलोवॅटपेक्षा जास्त घेऊच शकत नाहीत, हे फलक वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मात्र २०२५ पासून रस्त्यावर आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीची आवृत्ती १७५ किलोवॅटच्या आसपास शक्ती स्वीकारते. अशा गाड्यांसाठी जुने केंद्र सहज तोकडे पडते.

केंद्रात बॅटरीसंच, एसी आणि डीसी यांत वीज बदलणारा शक्ती-परिवर्तक, चार्जर, शीतन यंत्रणा आणि या सर्वांचे नियमन करणारी ऊर्जा व्यवस्थापन प्रणाली असते. बॅटरी एसी बाजूला जोडली तर जुन्या केंद्रातही ती नंतर बसवता येते. डीसी बाजूला जोडली तर परिवर्तनाची एक पायरी वाचते आणि सौर पॅनेल जोडणेही सोपे जाते. आज बहुतेक ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे घट (सेल) वापरतात. ते वजनाला जड असले तरी जमिनीवर ठेवलेल्या संचाला वजनाची अडचण नसते, आणि भरण्या-उतरण्याची हजारो आवर्तने ते टिकतात.

क्षमतेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वीजजोडणी १०० किलोवॅटची, बॅटरीतील वापरता येण्याजोगा साठा ३०० युनिटांचा आणि चार्जर १२० किलोवॅटचे दोन, असे केंद्र धरू. दोन्ही चार्जर पूर्ण शक्तीने चालले तर १४० किलोवॅटची तूट बॅटरीला भरून काढावी लागते, आणि ती सुमारे दोन तास आठ मिनिटांत संपते. त्यानंतर प्रत्येक गाडीच्या वाट्याला ५० किलोवॅट येतात. गाड्या नसताना बॅटरी पुन्हा भरायला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या केंद्रावर गर्दी येते आणि ओसरते, तेथे ही योजना उत्तम चालते. दिवाळीच्या किंवा लांब सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रांग हलतच नसेल, तर बॅटरी रिकामी होते आणि केंद्र मूळच्या लहान जोडणीवर येऊन थांबते. जाहिरातीत हा भाग येत नाही.

अमेरिकेत या पद्धतीला चालना मिळाली ती मुख्यतः मागणी आकारामुळे. तेथील अनेक वीज कंपन्या महिन्यातील सर्वाधिक भाराच्या पंधरा मिनिटांवर हा आकार लावतात, त्यामुळे दिवसाला मोजक्याच गाड्या येणाऱ्या केंद्राचे बिल प्रत्यक्ष विजेपेक्षा या आकारानेच फुगते. इलेक्ट्रिफाय अमेरिका या कंपनीने २०१९ मध्ये शंभराहून अधिक केंद्रांवर टेस्लाचे बॅटरीसंच बसवण्याचे जाहीर केले; प्रत्येक संच २१० किलोवॅट शक्तीचा आणि सुमारे ३५० युनिट साठ्याचा होता. फ्रीवायर कंपनीने याच्या पुढे जाऊन १६० युनिटांची बॅटरी चार्जरच्या कपाटातच बसवली. २७ किलोवॅटच्या जोडणीवर १५० किलोवॅट देणारे हे यंत्र तांत्रिकदृष्ट्या देखणे होते, तरी कंपनी २०२४ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियातील लॉस्ट हिल्स येथील टेस्लाचे केंद्र दुसऱ्या टोकाचे आहे : दीडशेहून अधिक चार्जर, ११ मेगावॅटची सौर पॅनेल, ३९ मेगावॅट-तास (३९ हजार युनिट) साठा आणि त्यामानाने अगदी लहान वीजजोडणी.

भारतात प्रेरणा निराळी आहे. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्यामुळे तिला वीज कायदा २००३ खालील परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चार्जिंग केंद्रांना ३१ मार्च २०२८ पर्यंत एकभागी दर, म्हणजे वेगळ्या मागणी आकाराविना दर, लावणे अपेक्षित आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत तो सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असावा, असे ही तत्त्वे सांगतात. प्रत्यक्ष दर मात्र राज्य वीज नियामक आयोगच ठरवतात. या रचनेत मागणी आकार वाचवण्यासाठी बॅटरी घेण्याचे कारण उरत नाही, पण दुपारची स्वस्त वीज संध्याकाळी वापरण्याचे कारण बळकट होते. सरासरी पुरवठा खर्च युनिटमागे ८ रुपये धरला, तर दुपारचा दर ५.६० रुपये आणि संध्याकाळचा १०.४० रुपये होतो. साठवणुकीतील १५ टक्के नुकसान मोजले तरी दुपारची वीज संध्याकाळी सुमारे ६.६० रुपयांना पडते. उरलेल्या ३.८० रुपयांतून बॅटरीचे भांडवल आणि तिची झीज भरून निघते का, हे ती रोज पुरी वापरली जाते की नाही यावर अवलंबून आहे.

उष्णता आणि आग हे दोन प्रश्न दुय्यम मानता येत नाहीत. विदर्भातील मे महिन्यात बॅटरीसंच ठेवलेल्या कंटेनरमधील शीतन यंत्रणा जवळपास अखंड चालते आणि साठवलेल्या विजेचा काही भाग स्वतःच खाते. आगीच्या बाबतीत बीजिंगच्या फेंगताई भागातील १६ एप्रिल २०२१ ची दुर्घटना या विषयात मूलभूत मानावी लागते, कारण ते केंद्र सौर पॅनेल, साठा आणि चार्जिंग असे एकत्रितच होते. एका इमारतीतील घटांत अंतर्गत शॉर्ट सर्किट झाले. बाहेर पडलेले ज्वलनशील वायू केबलच्या भूमिगत चरातून दुसऱ्या इमारतीत साचले आणि तेथे स्फोट झाला. दोन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. घट लिथियम आयर्न फॉस्फेटचेच होते, त्यामुळे हा प्रकार ‘पेटतच नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला वायुवीजन, केबलचर बंदिस्त करणे आणि इमारतीपासूनचे अंतर यांविषयी विचारणे योग्य ठरते. निकामी झालेले संच भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे उत्पादकाच्या जबाबदारीत येतात.

वीजवाहिनी मुळातच सबळ असेल तेथे चार्जरसाठी बॅटरीची गरज पडत नाही. ब्रिटनमधील ऑक्सफर्डमध्ये २०२२ साली सुरू झालेले रेडब्रिज येथील मोठे केंद्र थेट राष्ट्रीय पारेषण जाळ्याशी जोडलेले आहे. त्याच प्रकल्पात ५० मेगावॅटची बॅटरी असली तरी ती प्रामुख्याने जाळ्याचा समतोल राखते. बस आगारांचे गणितही वेगळे आहे. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेने २०१९ पासून विद्युत बस चालवल्या. अशा आगारात भार अचानक उसळत नाही, बस परतल्यावर तो रात्रभर सलग राहतो. शंभर बसना प्रत्येकी २०० युनिट लागतात असे धरले तर रात्रीची गरज २० हजार युनिटांची होते, आणि ती दुपारच्या विजेतून भागवायला तेवढ्याच क्षमतेचा स्वतंत्र संच लागेल. त्यापेक्षा दुपारच्या पाळीबदलात आगारात उभ्या असलेल्या बसनाच त्या दोन-तीन तासांत चार्जरवर लावणे स्वस्त पडते, कारण तेवढी बॅटरी बसमध्ये आधीच विकत घेतलेली असते.