रेस ट्रॅकचा तोटा कुणाच्या अंगावर? सरकारी पैसा आणि स्थानिक फायद्याच्या आश्वासनांची पार्श्वभूमी

मोटारींच्या शर्यतींसाठी नव्या रेस ट्रॅकची घोषणा झाली की दोन गोष्टी पाठोपाठ येतात. सरकारने जमीन, अनुदान किंवा कर्जाला हमी द्यावी ही मागणी आणि त्या बदल्यात परिसराला नोकऱ्या, हॉटेलांना गिऱ्हाईक, गावाला नाव मिळेल हे आश्वासन. चर्चा बहुतेक वेळा आकड्यांवरच अडते. किती नोकऱ्या, किती पर्यटक, किती वर्षांत वसुली. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. ट्रॅक तोट्यात गेला तर भरणार कोण? गेल्या सव्वाशे वर्षांत ट्रॅक बांधण्याचे तंत्र खूप बदलले, पण त्याहून जास्त बदलले ते या प्रश्नाचे उत्तर.

सुरुवातीला उत्तर सरळ होते. ज्याची हौस, त्याचा खिसा. १९०७ साली इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्सचा ट्रॅक उभा राहिला तो ह्यू लॉक किंग या जमीनदाराच्या स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतःच्या पैशांतून. ब्रिटनच्या रस्त्यांवर तेव्हा ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती, त्यामुळे मोटार जोरात पळवून पाहायला जागाच नव्हती. सुमारे साडेचार किलोमीटरच्या, वळणांवर भिंतीसारख्या उचललेल्या त्या काँक्रीटच्या ट्रॅकवर जवळपास दीड लाख पौंड खर्च झाले. लॉक किंग कंगाल व्हायच्या बेतात आले. व्यवहार सावरला तो त्यांच्या पत्नी एथेल यांनी. सरकारला याची काही झळ नव्हती. शेजाऱ्यांना मात्र होती. ट्रॅक सुरू होताच तिथे सलग २४ तास मोटारी पळवण्याचा विक्रम झाला, आसपासच्यांची झोप उडाली, तक्रारी झाल्या आणि रात्रीच्या शर्यती बंद पडल्या. नंतर २४ तासांची शर्यत घ्यायची तर ती दिवसा बारा-बारा तास अशी दोन दिवसांत वाटून घ्यावी लागे.

अमेरिकेत १९०९ मध्ये सुरू झालेला इंडियानापोलिसचा ट्रॅकही कार्ल फिशर आणि त्यांच्या भागीदारांचा, पूर्णपणे खासगी. पण काळ कसा पालटला पाहा. शंभर वर्षे स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या त्याच ट्रॅकच्या नूतनीकरणासाठी २०१३ मध्ये इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने करांच्या रकमेतून सुमारे १० कोटी डॉलरची व्यवस्था केली.

सार्वजनिक पैशातून ट्रॅक बांधण्याचे पहिले ठळक उदाहरण जर्मनीतले, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. आयफेलचा डोंगराळ भाग १९२०च्या दशकात अतिशय गरीब होता. शेती जेमतेम, कारखाने नाहीत, तरुण बाहेर पडत होते. अडेनाऊ जिल्ह्याचे प्रशासक ओटो क्रॉइट्झ यांनी इथे मोटारींसाठी कायमचा ट्रॅक बांधायची योजना पुढे रेटली. बेरोजगारांना काम देण्यासाठी राखलेला सरकारी निधी त्यात वापरला गेला. सप्टेंबर १९२५ मध्ये पायाभरणी झाली, हजारो मजूर डोंगर फोडायला आणि खडी पसरायला लागले, आणि जून १९२७ मध्ये सुमारे २८ किलोमीटरचा नुर्बुर्गरिंग सुरू झाला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. तरीही यात एक प्रामाणिकपणा होता. पुढे कधीतरी पर्यटक येतील तेव्हा फायदा होईल असे नुसते सांगितले नव्हते. मजुरीचे पैसे त्या आठवड्यातच आयफेलच्या घरांत पोचत होते.

आणखी एक गोष्ट या ट्रॅकने पहिल्यापासून केली. शर्यत नसेल त्या दिवशी पैसे भरून कुणालाही आपली गाडी तिथे चालवता येई. ही प्रथा आजही चालू आहे. मोटार कंपन्या चाचणीसाठी येतात, त्यांची कार्यालये आणि गॅरेजे आसपासच्या गावांत आहेत, लॉज चालतात, टायरवाल्यांचा धंदा होतो. माझ्या मते ट्रॅकचा खरा स्थानिक फायदा असा असतो. तो शर्यतीच्या तीन दिवसांवर टिकत नाही. बाकीच्या साडेतीनशेवर दिवसांत तिथे काय चालते, यावर टिकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ पैशाचा प्रश्न आपोआप सुटला. ब्रिटनमध्ये युद्धातल्या विमानांसाठी बांधलेले तळ रिकामे पडले होते. धावपट्ट्या तयार, जागा सपाट, वस्ती दूर. सिल्व्हरस्टोनला १९४८ मध्ये शर्यत झाली ती अशाच तळावर. स्नेटर्टन आणि थ्रक्सटनही त्यातलेच. या स्वस्तातल्या ट्रॅकांमुळे शर्यतींच्या गाड्या बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळांना सरावाची जागा मिळाली, आणि पुढे सिल्व्हरस्टोनच्या आसपासच्या पट्ट्यात इंजिनं, गिअरबॉक्स, कार्बन फायबरचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे मोठे जाळे विणले गेले. ते जाळे विणायला काही दशके लागली. नव्या ट्रॅकच्या कागदपत्रांत हेच जाळे पाच वर्षांत उभे राहील असे लिहिलेले असते, तेव्हा हा क्रम आठवावा.

चित्र पालटले ते १९८०च्या दशकापासून, फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या जागतिक मालिकेचे व्यापारी हक्क एका हातात आल्यावर. त्यातले अर्थकारण समजून घेतले की पुढचे सगळे उलगडते. शर्यत भरवणाऱ्याला हक्कधारकाकडे दरवर्षी यजमानपदाचे शुल्क भरावे लागते, आणि बहुतेक करारांत ते ठरावीक टक्क्यांनी वाढत जाते. दूरचित्रवाणीचे पैसे हक्कधारकाचे. ट्रॅकच्या कडेच्या जाहिराती आणि बड्या पाहुण्यांची सरबराई हेही बहुतांशी हक्कधारकाचे. आयोजकाच्या हाती राहते मुख्यतः तिकीट खिडकी. एवढ्यावर शुल्क, देखभाल आणि बांधकामाचे कर्ज हे तिन्ही भागत नाहीत. मग उरलेली खिंड सरकारने लढवायची.

खासगी ट्रॅकचे काय होते हे सिल्व्हरस्टोनने दाखवले. तिथे २०१० मधले १ कोटी १५ लाख पौंडांचे शुल्क २०१७ पर्यंत १ कोटी ६२ लाखांवर गेले होते आणि २०२६ पर्यंत ते २ कोटी ६० लाखांवर जाणार होते. २०१५ मध्ये २८ लाख आणि २०१६ मध्ये ४८ लाख पौंड तोटा सोसून मालक क्लबने जुलै २०१७ मध्ये करारातून बाहेर पडण्याचे कलम वापरले. ब्रिटिश शर्यतीला लाखाहून जास्त प्रेक्षक येतात. एवढी गर्दी खेचणाऱ्या, सरकारी टेकू नसलेल्या ट्रॅकची ही गत असेल, तर नव्या ट्रॅकने काय करावे?

उत्तर अनेक देशांनी सरकारी तिजोरीतून दिले. मलेशियाने १९९९ मध्ये सेपांग उभारले, देशाची ओळख जगाला व्हावी म्हणून. ती ओळख झालीही. पण प्रेक्षक घटत गेले, शुल्क वाढत गेले आणि २०१७ नंतर सरकारने फॉर्म्युला वन सोडून दिले. दक्षिण कोरियाने येओंगाम या दूरच्या किनारी भागात २०१० मध्ये ट्रॅक सुरू केला. शर्यतीच्या जेमतेम दोन आठवडे आधी तो तपासणीत उत्तीर्ण झाला. ट्रॅकभोवती नवे शहर वसणार होते. शहर आले नाही, शर्यत चार वर्षांत गेली, आणि प्रांतावर तोट्याचा बोजा राहिला. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या रस्त्यांवरची शर्यत जनतेला एक युरोही पडणार नाही असे तिथल्या प्रांतप्रमुखांनी सांगितले होते. २००८ ते २०१२ या पाच शर्यतींचा भुर्दंड शेवटी करदात्यांवरच बसला.

भारताचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट याहून वेगळा, कारण बांधकाम खासगी जेपी समूहाचे होते. पण सरकारचा हात तिथेही होता, तो जमिनीतून आणि करसवलतीतून. यमुना एक्स्प्रेसवेच्या पट्ट्यातल्या शेतजमिनी प्राधिकरणाने संपादित केल्या आणि त्यातला मोठा तुकडा क्रीडानगरीसाठी समूहाकडे गेला. या पट्ट्यात मोबदल्यावरून शेतकऱ्यांचा रोष किती तीव्र होता, हे २०११ च्या भट्टा-पारसौल आंदोलनाने देशाला दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली शर्यत झाली. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला होता. त्याविरुद्ध जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिकीटविक्रीतली २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश झाला. पुढे हा खेळ की करमणूक, यावरून कर आणि सीमाशुल्काचे वाद चिघळले. २०१३ च्या तिसऱ्या शर्यतीनंतर फॉर्म्युला वन परतले नाही. थकबाकीपोटी प्राधिकरणाने २०२० मध्ये त्या जमिनीचे वाटपच रद्द केले. ज्यांच्या शेतांवरून हे सगळे उभे राहिले, त्यांना रोजगार किती मिळाला, याचा हिशेब कुठल्याही पक्षाने ठळकपणे मांडला नाही. मला हीच सगळ्यात मोठी उणीव वाटते.

याच काळात नुर्बुर्गरिंगनेही आपला जुना धडा विसरला. ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्याची ९० टक्के मालकी असलेल्या कंपनीने ट्रॅकशेजारी हॉटेले, दुकाने आणि ताशी २१७ किलोमीटर वेगाने पळणारा रोलरकोस्टर उभारायला घेतला. पैसा खासगी गुंतवणूकदार देणार होते. जुलै २००९ मध्ये, उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, त्या गुंतवणूकदाराच्या नावाचा चेक वटणार नाही हे उघड झाले आणि राज्याचे अर्थमंत्री इंगोल्फ डॉयबेल यांना पद सोडावे लागले. सगळा खर्च राज्यावर आला. रोलरकोस्टर अपघातानंतर चार वर्षे बंद होता. २०१३ मध्ये सुरू झाला तो चार दिवस चालून कायमचा थांबला. त्याआधीच २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली होती. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये सुमारे ४५ कोटी ६० लाख युरोंची सरकारी मदत बेकायदा ठरवली, आणि सारी मालमत्ता ७ कोटी ७० लाखांना विकायचे ठरले. गावांना आधार देणारा जुना ट्रॅक मात्र या पडझडीतही गाड्यांनी भरलेलाच होता.

फायदा मोजायचा कसा, हा वाद ऑस्ट्रेलियात सर्वात जास्त रंगला. मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कमध्ये १९९६ पासून शर्यत होते. त्यासाठी केलेल्या खास कायद्याने नियोजनाचे नेहमीचे नियम बाजूला ठेवले, आणि उद्यान वाचवा म्हणत रहिवासी वर्षानुवर्षे उभे राहिले. व्हिक्टोरिया राज्याच्या महालेखापालांनी २००७ मध्ये २००५ च्या शर्यतीचा हिशेब तपासला, तेव्हा राज्याला झालेल्या फायद्यापेक्षा खर्च ६७ लाख डॉलरने जास्त निघाला. फरक पडतो तो मोजण्याच्या पद्धतीत. शहरातलाच माणूस नाटक सोडून शर्यतीला गेला तर तो पैसा नवा नसतो. शर्यत नसती तरी आला असता असा पर्यटकही फायद्यात धरता येत नाही. बांधकामावरची दोन वर्षांची मजुरी आणि कायमची नोकरी एकाच बेरजेत टाकली की आकडा फुगतो. टेक्ससने यावर एक उपाय काढला. ऑस्टिनच्या ट्रॅकला राज्याचा निधी मिळतो तो शर्यतीनंतर, वाढीव कर किती आला याच्या हिशेबावर. अटी कडक आहेत. २०१८ मध्ये मानवी तस्करी रोखण्याच्या आराखड्याचा कागद मुदतीत दिला नाही म्हणून ट्रॅकला सुमारे अडीच कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागले.

आणि मग वेल्स. एब्बू व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला आणि ब्लेनाय ग्वेंट हा ब्रिटनच्या सर्वात हलाखीच्या भागांपैकी एक झाला. तिथल्या राझाव गावाजवळच्या माळावर ‘सर्किट ऑफ वेल्स’ उभे करायचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी तो आशेने उचलून धरला, आणि त्यांना दोष देता येत नाही. सहा हजार नोकऱ्या म्हटल्यावर कुणाचे मन हलणार नाही? २०१३ मध्ये परवानगी मिळाली. मेंढ्या चारण्यासाठी पिढ्यानपिढ्या सामाईक राहिलेली जमीन मोकळी करण्यावरून निसर्गप्रेमी संस्थांशी चौकशीपर्यंत लढा झाला. मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक मालिकेतली शर्यत भरवण्याचे हक्कही ट्रॅकची एक वीट रचण्याआधीच मिळाले. मग २०१५ पासून ती शर्यत सिल्व्हरस्टोनला भरवावी लागली.

अडले ते हमीवर. ट्रॅक उभारू पाहणाऱ्या कंपनीने आधी सगळ्या खासगी पैशाला सरकारी हमी मागितली. वेल्स सरकारने २०१६ मध्ये नकार दिला आणि निम्मा धोका तरी खासगी गुंतवणूकदारांनी घ्यावा अशी अट घातली. अखेरची मागणी ४३ कोटी ३० लाख पौंडांच्या प्रकल्पात २१ कोटींच्या हमीची होती, म्हणजे कागदावर निम्म्याहून थोडी कमी. २७ जून २०१७ रोजी मंत्री केन स्केट्स यांनी तीही फेटाळली. कारण असे की धोक्याची खरी वाटणी पाहता सगळे कर्ज सरकारच्याच खात्यात धरले जाण्याची भीती होती, आणि मग तेवढे पैसे शाळा-दवाखान्यांच्या बांधकामातून कापावे लागले असते. छाननीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. पहिल्या टप्प्यात ट्रॅकवर थेट कायमच्या नोकऱ्या शंभराहून थोड्याच जास्त होत्या. बाकी अर्धवेळ, बांधकामापुरत्या, किंवा पुढे कधीतरी येणाऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या.

तोवर सुमारे ९० लाख पौंडांचा सार्वजनिक पैसा प्रकल्पात गेला होता. वेल्सच्या लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, विशेषतः अनुदानातल्या काही रकमेतून बकिंगहॅमशरमधली मोटारसायकल कंपनी विकत घेतली गेली यावर. ब्लेनाय ग्वेंटच्या विकासासाठी दिलेला पैसा वेल्सबाहेर गेला होता आणि ती कंपनीही टिकली नाही.

प्रकल्प नाकारताना सरकारने त्याच भागात वाहन तंत्रज्ञान वसाहतीसाठी दहा वर्षांत १० कोटी पौंड देण्याची घोषणा केली. ट्रॅकच्या भरवशावर तिथे यायचे ठरवलेल्या टीव्हीआर या स्पोर्ट्स कार कंपनीत सरकारने भागभांडवल घेतले, कर्जही दिले. तिचा कारखाना एब्बू व्हेलमध्ये कधी सुरू झाला नाही.