पिंग उडतोय? प्लॅन वाढवायच्या आधी राउटरमधली रांग बघा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातनं एकदा तरी हा मेसेज पडतोच, की नेट नीट चालत नाहीये, गेम लॅग होतोय, मीटिंगमध्ये आवाज तुटतोय, कुठला प्लॅन घेऊ? आणि खाली धडाधड उत्तरं येतात, १०० चा २०० कर, २०० चा ३०० कर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बहुतेक घरांत स्पीड पुरेसा असतो हो, गोची दुसरीकडेच असते आणि ती एकदा समजली ना की फार सुंदर आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

गेल्या महिन्यात भाचा राहायला आला होता. रात्री साडेनवाच्या सुमारास बीजीएमआय खेळताना ओरडला, "मामा, परत गेलं!" स्क्रीनवरचा माणूस जागेवर गोठलेला, दोन सेकंदांनी सगळं एकदम पुढे सरकलं तोवर हा मेलेला. मी लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या, एकीत घरच्या राउटरला पिंग लावला (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) म्हणजे १९२.१६८.१.१ ला, दुसरीत बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला, आणि दोन्हींच्या शेवटी मायनस टी, म्हणजे थांबवेपर्यंत चालूच राहतो. राउटरचे आकडे छान होते, २, ३, २, ४ मिलिसेकंद. बाहेरचे २८, २९, २८, ३१ आणि मग एकदम १९०, ४५५, ६४०, ८१२, ८०६. म्हणजे वायफाय ठीक होतं, गडबड राउटरच्या पलीकडे.

घरात टीव्ही बंद, कुणी काही डाउनलोड करत नव्हतं. मग लक्षात आलं की आईने नुकताच स्वयंपाकघरात फोन चार्जिंगला लावला होता, दुपारी डोहाळेजेवण झालेलं, त्याचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला चढत होते. बॅकअप थांबवला, पिंग २९. चालू केला, पुन्हा आठशे. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

आता पिंग म्हणजे काय ते जरा नीट. एक छोटं पाकीट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवायचं, ते परत यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. माइक म्यूस नावाच्या माणसाने हा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज असतो त्यावरनं नाव ठेवलं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पुण्याहून मुंबई १५० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत जवळपास ४ हजार किलोमीटर, तिथे जाऊन-येऊन निदान ४० मिलिसेकंद लागणारच. प्ले स्टोअरवर 'पिंग बूस्टर' म्हणून ॲप मिळतात, लोक पैसे देऊन घेतात, पण फोनमधलं ॲप प्रकाशाला घाई करायला लावू शकत नाही. राउटरवर लावायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकरही तसलेच, कृपा करून विकत घेऊ नका.

पण मग २८ चे ८०० कसे झाले? प्रकाश काही हळू झाला नव्हता. उरलेले पावणेआठशे मिलिसेकंद पाकीट चक्क रांगेत उभं होतं.

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. गिरणी तिच्या वेगाने दळते, तो वेग म्हणजे आपला अपलोड स्पीड. माझ्याकडे प्लॅन १०० चा आहे पण ते डाउनलोड, अपलोड मोजला तर १० एमबीपीएसच्या आसपास येतो. बॅकअपची पाकिटं मोठी, प्रत्येकी १५०० बाइट, आणि १० एमबीपीएसने एक पाकीट बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. राउटर किंवा मोडेममध्ये येणारी पाकिटं ठेवायला जागा असते, तिला बफर म्हणतात, गिरणीतला डबे ठेवायचा कट्टाच तो. हा कट्टा १ एमबीचा असेल तर त्यावर साधारण ६६७ डबे मावतात. ६६७ गुणिले १.२ करा, आलं ना ८००? भाच्याच्या गेमचं पाकीट म्हणजे शे-दोनशे बाइटचं, अर्धा किलो भाजणी, पण ते येऊन उभं राहतं ६६७ डब्यांच्या मागे.

तुम्ही म्हणाल आईचा फोन एवढे डबे एकदम आणतोच कशाला, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग इथेच आहे. फोनला गिरणीचा वेग माहीतच नसतो. टीसीपी नावाची जी पद्धत आहे तीत पाठवणारा अंदाज घेत जातो, थोडे डबे पाठव, पोच आली की अजून थोडे वाढव, आणि एखादा डबा हरवला की समजायचं पुढे गर्दी आहे, मग एकदम निम्म्यावर ये (टीसीपीचा हल्लीचा प्रकार क्युबिक साधारण ३० टक्क्यांनी कमी करतो). हे शहाणपण आलं १९८६ च्या अनुभवातनं. तेव्हा अमेरिकेत बर्कलीमधल्या दोन ठिकाणांमध्ये, अंतर जेमतेम ४०० यार्ड, नेटचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदवरनं ४० बिटवर कोसळला होता. व्हॅन जेकबसनने त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला. तेव्हापासून पाकीट हरवणं हाच नेटवर्कचा 'थांब' म्हणायचा मुख्य मार्ग आहे.

मग मेमरी स्वस्त झाली आणि राउटर बनवणाऱ्यांनी विचार केला की पाकीट कशाला टाकायचं, ठेवून घेऊ की. म्हणजे गिरणीवाल्याने मागे गोडाऊन बांधलं आणि कुणालाच नाही म्हणेना. डबा हरवत नाही, त्यामुळे फोनला वाटतं सगळं सुरळीत आहे, तो अजून पाठवतो, गोडाऊन भरतं आणि भरलेलंच राहतं. दळण जास्त होत नाही, फक्त प्रत्येकाची वाट बघणं वाढतं. प्लॅन वाढवला तर गिरणी वेगवान होते, रांग लवकर सरकते हे खरं, पण टीसीपी तीही भरायला निघतंच. जिम गेटिस या इंजिनिअरला २०१० मध्ये स्वतःच्या घरी मोठी फाईल पाठवताना हेच दिसलं आणि त्याने या दुखण्याला नाव दिलं बफरब्लोट, बफरला सुटलेलं पोट.

इलाज २०१२ मध्ये आला, कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तोच व्हॅन जेकबसन, नाव कोडेल. त्यांनी रांगेची लांबी मोजायचं सोडून दिलं, प्रत्येक पाकीट रांगेत किती वेळ होतं एवढंच बघितलं. क्षणभर गर्दी झाली आणि ओसरली तर काही बिघडत नाही, पण सलग १०० मिलिसेकंदांत एकाही पाकिटाची सुटका ५ मिलिसेकंदांच्या आत झाली नाही तर ही रांग मुक्कामाला आलीय असं समजायचं आणि एक पाकीट टाकायचं. एकच. तरी ऐकलं नाही तर पुढचं १०० मिलिसेकंदांनी, त्यानंतरचं १०० भागिले २ चं वर्गमूळ म्हणजे ७१ मिलिसेकंदांनी, मग ५८, मग ५०. वर्गमूळच का, तर टीसीपीचा वेग पाकिटं हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे असं टाकत गेलं की वेग धक्का न बसता सरळ रेषेत उतरतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद घेऊन मांडून बघितलं होतं. तुम्हाला वर्गमूळ नको असेल तर सोडून द्या, पुढचं समजायला लागत नाही.

त्याच वर्षी एरिक डुमाझेने लिनक्समध्ये याचा मोठा भाऊ आणला, एफक्यू कोडेल, त्यात प्रत्येक संवादाची रांग वेगळी आणि ज्याचं एक-दोन पाकीटच आहे त्याला आधी सोडायचं. अर्धा किलो भाजणीवाल्याला पुढे घेतलं तर चाळीस किलोवाल्याचं काय जातं?

घरी करायचं एवढंच. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही आहे का बघा, रांग अशी सांभाळायची सोय त्याच नावांनी असते, ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर नक्की मिळतं. खरा अपलोड मोजा आणि मर्यादा त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास टाका. मुद्दाम थोडी कमी, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे आपलं चालतं. डाउनलोडलाही तसंच. मात्र राउटरचा प्रोसेसर अशक्त असेल तर मोठ्या स्पीडला त्याला हे झेपत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर हे सगळं व्यर्थ, तिथे दोष वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झवर फ्लॅटमध्ये वीस-वीस नेटवर्क एकमेकांच्या अंगावर असतात, मायक्रोवेव्हही तिथेच, २.४५ ला. ५ गिगाहर्ट्झवर जा, नाहीतर चॅनल १, ६, ११ पैकी मोकळा घ्या, किंवा सरळ केबल ओढा. घरात कुणीच काही वापरत नसताना रोज संध्याकाळी बाहेरचा पिंग चढत असेल तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे, आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करा.

मी मर्यादा ९ एमबीपीएसची टाकली. दुसऱ्या दिवशी साडेनवाला आईने फोन चार्जिंगला लावला, बॅकअप सुरू झाला आणि मी आणि भाचा दोघंही काळ्या खिडकीकडे बघत बसलो, ३१, ३४, ३३, ३६, ३२. आईचे फोटो चढायला दोन-चार मिनिटं जास्त लागली असतील, तिला पत्ताही नाही.