नकाशावरची भरकटलेली वेलांटी

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या एका पोराने सह्याद्रीतल्या घाटवाटांचा नकाशा करायला घेतला. आधाराला ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा जगाचा नकाशा होताच, फुकट आणि मोकळा. नकाशा मागे मागे ओढत तो हिंडायला लागला आणि जपानपाशी पोचल्यावर भडकला. टोकियो जपानी लिपीत, अथेन्स ग्रीकमध्ये, कैरो अरबीत, आणि आपलं पेण, तळा, कऱ्हाड मात्र इंग्रजीत! "बघा काका, त्यांना त्यांची भाषा आणि आपल्याला अजून साहेबाची." कुठल्यातरी परदेशी कंपनीचा हा डाव आहे, अशी एक जळजळीत पोस्ट त्याने ग्रुपवर टाकली. पुढचे तीन दिवस ग्रुपवर घाटवाटा सोडून सगळ्यावर चर्चा झाली.

डाव वगैरे काही नाही. कंपनीही नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांचा नकाशा आहे, २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला. त्यात प्रत्येक गावाची, नदीची, रस्त्याची एक नोंद असते आणि त्या नोंदीत रकाने असतात. साधा 'नाव' हा रकाना स्थानिक लोक वापरतात त्या नावासाठी. त्याच्या जोडीला भाषावार रकाने: इंग्रजीसाठी 'ईएन', मराठीसाठी 'एमआर', हिंदीसाठी 'एचआय'. हे संकेत भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून घेतलेले. (बिचाऱ्या कोकणीला त्या यादीत दोन अक्षरी संकेतच नाही, 'केओके' असा तीन अक्षरी आहे.) जपानी लोकांनी 'नाव'मध्ये जपानी लिहिलं. ब्रसेल्सवाल्यांनी फ्रेंच आणि डच अशी दोन्ही नावं एकाशेजारी एक लिहून भांडण मिटवलं. आणि भारतातल्या स्वयंसेवकांनी त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रोमन लिपी पसंत केली. मदुराईच्या माणसाला देवनागरी पाटी वाचता येत नाही आणि आपल्याला तमिळ, एवढा सरळ हिशोब. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचा नेहमीचा नकाशा फक्त 'नाव' हा रकाना छापतो. म्हणून टोकियो जपानीत आणि तळा रोमनमध्ये.

गंमत म्हणजे जगभर तक्रार उलटी आहे. अथेन्सला निघालेल्या माणसाला ग्रीक अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला सगळी नावं इंग्रजीत हवी असतात. रकाना तर भरलेला आहे. मग एक बटण का नाही, दाबलं की इंग्रजी, पुन्हा दाबलं की मराठी?

कारण तो नकाशा म्हणजे चित्र आहे. पडद्यावर आपण जे बघतो त्या २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या चौकोनी फरशा, एकीला एक चिकटवलेल्या. शून्य पातळीला अख्खं जग एका फरशीत मावतं. एक पायरी जवळ गेलं की प्रत्येक फरशीच्या चार होतात, पुढे सोळा, चौसष्ट. अठराव्या पातळीला ही संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. समुद्र-वाळवंटाच्या फरशा वगळल्या, मागणी येईल तशाच रंगवल्या, तरी पसारा प्रचंड. आणि नाव या फरशीवर रंगवून वाळलेलं असतं. 'टोकियो'ची अक्षरं संगणकाच्या लेखी अक्षरं नसतातच, काळे-पांढरे ठिपके असतात. भाषा बदलायची तर तेवढ्या फरशा पुन्हा रंगवा. विकिपीडियाने २०१८ पासून आपल्या नकाशांसाठी असं भाषावार रंगवणं सुरू केलं, पण तेवढे सर्व्हर आमच्या ट्रेकिंग ग्रुपकडे नाहीत.

दुसरा मार्ग सदिश फरशांचा, म्हणजे व्हेक्टर टाइल्सचा. यात चित्र पाठवतच नाहीत, शिधा पाठवतात: ही नदी, तिचे हे बिंदू, हे गाव, त्याची ही चार नावं. स्वयंपाक तुमच्या फोनवर होतो. तिथे एक ओळ लिहायची, मराठी नाव असेल तर ते घे, नसेल तर इंग्रजी, तेही नसेल तर जे असेल ते. बटण तयार. ग्रीसला जाणारा खूश, जपानी खूश. आमच्या पोराने तीच ओळ लिहिली, नकाशा उघडला आणि कोकणात गाव उमटलं: चपिळूण.

पोस्ट लिहायला त्याचे हात पुन्हा शिवशिवायला लागले. मी म्हटलं, थांब. इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. जरा लांबतो, पण वाचाच.

संगणकात 'चिपळूण' हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो. आधी च, मग ऱ्हस्व वेलांटी, मग प, ळ, दीर्घ उकार, ण. प्रत्येकाला युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीतला, एक क्रमांक. आपण बोलताना आधी 'च' म्हणतो आणि मग 'इ', म्हणून क्रम तसा. पण लिहिताना वेलांटी च-च्या आधी काढतो. साठवण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा क्रम दुसरा. युनिकोडने ही पद्धत आपल्याच इस्की या भारतीय मानकावरून घेतली आणि ती अतिशय शहाणपणाची आहे. शब्द शोधणं, अकारविल्हे लावणं, एका भारतीय लिपीतून दुसरीत नेणं, सगळं तिच्यामुळे सोपं होतं. ज्यांनी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलंय त्यांना उलटी पद्धतही आठवत असेल. आधी वेलांटीची कळ, मग अक्षर. छापून सुंदर यायचं, पण फॉन्ट बदलला की सगळा मजकूर रोमन कचरा.

या दोन क्रमांच्या मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात तो कंपोझिटर होता. हस्तलिखितात 'रत्नागिरी' दिसलं की त्याचा हात केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, आपोआप अर्ध्या त-च्या खणाकडे जायचा आणि वेलांटीचा खिळा ग-च्या आधी बसायचा. आज हे काम हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम करतो. नाव फारसी आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड या सगळ्यांत तो आत बसलेला असतो. 'रत्नागिरी'चे नऊ क्रमांक त्याच्या हातात पडतात. तो आधी त्यांचे अक्षरगट पाडतो: र, त्ना, गि, री. मग प्रत्येक गटातलं मुख्य व्यंजन ओळखतो. ऱ्हस्व वेलांटी उचलून गटाच्या सुरुवातीला आणतो. 'शिर्डी'सारखा शब्द असेल तर त्यातला र् उचलून रफार करतो आणि ड-च्या डोक्यावर नेऊन ठेवतो. मग फॉन्टच्या पोटातलं बदली-कोष्टक उघडतो. त, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि न असे तीन दिसले तर त्यांच्या जागी हे एक जोडाक्षर वापर, असे शेकडो नियम त्यात असतात.

मराठीची खास खोड वेगळीच. 'कऱ्हाड'मधला अर्धा र डोक्यावर जात नाही, ह-च्या पोटाशी आडव्या रेघेसारखा बसतो. हिंदीत हा प्रकार नाही. म्हणून त्यासाठी ऱ हे स्वतंत्र क्रमांकाचं अक्षर वापरतात, त्यापुढे हलन्त आणि ह. ही सोय नसती तर 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत फरक उरला नसता, आणि घाटवाटांच्या नकाशावर दरी की समुद्र हा प्रश्न किरकोळ नाही.

आता नकाशाचं इंजिन, म्हणजे फोनवर नकाशा रंगवणारा प्रोग्रॅम, काय करतं ते बघा. नकाशा फिरतो, तिरपा होतो, बोटांनी ताणला की अक्षरं न फाटता मोठी होतात. हे वेगाने व्हावं म्हणून ग्राफिक्सवाल्यांनी एक देखणी युक्ती वापरली. व्हिडिओ गेम करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीतल्या ख्रिस ग्रीनने २००७ मध्ये मांडलेली. अक्षराचं चित्र साठवायचंच नाही. त्याऐवजी प्रत्येक ठिपक्यापाशी 'अक्षराची कड इथून किती दूर आहे' एवढा आकडा ठेवायचा, आतल्या बाजूला एक चिन्ह, बाहेर दुसरं. मोठं करताना आकड्यांच्या मधले आकडे काढता येतात आणि आकडा जिथे शून्य होतो तिथे रेघ ओढायची. एवढ्याशा चौकोनातून कितीही मोठं अक्षर तुकतुकीत उमटतं. अक्षराभोवतीची पांढरी कडाही फुकट मिळते: शून्याऐवजी थोडं अलीकडे थांबायचं.

हे चौकोन ठेवायचे कुठे? तर २५६ खणांच्या ड्रॉवरमध्ये, युनिकोड क्रमांकानुसार. ० ते २५५ पहिला, २५६ ते ५११ दुसरा. देवनागरी २३०४ ते २५५९ या ड्रॉवरमध्ये, शेजारी बांगला. फोन फक्त लागेल तो ड्रॉवर मागवतो. किती काटकसरीची रचना! आणि इथेच घात होतो. खण क्रमांकावर मिळतो, आणि 'त्न' या जोडाक्षराला युनिकोड क्रमांक नाही. अर्ध्या त-ला नाही, रफाराला नाही. हे आकार फॉन्टच्या पोटात असतात, तिथे त्यांना फॉन्टचे अंतर्गत क्रमांक असतात, पण बाहेरच्या जगात त्यांचा पत्ताच नाही. म्हणजे या कंपोझिटरच्या केसमध्ये अर्ध्या अक्षरांचे खिळेच नाहीत. तो बिचारा क्रमाने खिळे लावत जातो. च लावला, वेलांटी लावली, प लावला. वेलांटीचा आकार उजवीकडच्या अक्षरावर कमान टाकणारा, ती पडली प-वर. चपिळूण!

अरबीचंही असंच व्हायला हवं होतं, कारण तिथे शब्दातल्या जागेनुसार अक्षराचा आकार बदलतो. पण अरबी नशीबवान निघाली. जुन्या प्रणालींशी जुळवून घेण्यासाठी युनिकोडमध्ये अरबीच्या सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या अशा आकारांनाही वेगळे क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे आधी शब्द त्या क्रमांकांत रूपांतरित करायचा आणि मग ड्रॉवर उघडायचा, एवढ्यावर भागलं. इस्कीच्या उच्चारनिष्ठ शिस्तीत आपण आकारांना क्रमांक दिलेच नाहीत. आपली लिपी जास्त तर्कशुद्ध साठवली गेली, त्याची ही शिक्षा.

त्यामुळे ही विचित्र अवस्था. जुन्या, वाळलेल्या फरशा रंगवणारा मॅपनिक हा प्रोग्रॅम हार्फबझ वापरतो, म्हणून तिथे देवनागरी निर्दोष उमटते, पण भाषा बदलता येत नाही. नव्या फरशांमध्ये भाषा बदलता येते, पण देवनागरी मोडते. आणि त्याच वेबपानावर, नकाशाच्या वरच्या शीर्षकात, ब्राउझर 'चिपळूण' अगदी बरोबर लिहून दाखवत असतो! म्हणून नकाशे करणारे कित्येक जण मुकाट्याने मराठीचा रकाना बंद करून इंग्रजी चालू ठेवतात. मराठीचा द्वेष नाही, चपिळूणची लाज.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे ब्राउझरकडून अख्खा शब्द चित्र म्हणून काढून घ्यायचा आणि नकाशावर चिकटवायचा. गावांना हे चालतं, नदीला नाही. नदीचं नाव वळणावळणाने जायला हवं, त्यासाठी अक्षरं सुटी लागतात, आणि सुटी केली की शिरोरेखा तुटते. 'कृष्णा' नदीबरोबर वळवून बघा, पायऱ्या पडलेल्या दिसतील. दुसरा उपाय जास्त हुशार आहे. सगळी नावं आधीच हार्फबझमधून काढायची, जेवढे आकार निघतील तेवढ्यांना स्वतःचे खासगी क्रमांक द्यायचे आणि त्यांचे नवे ड्रॉवर करायचे. कंपोझिटरच्या केसमध्ये अर्ध्या अक्षरांचे खिळे परत आणून ठेवल्यासारखं. पोराला हा दुसरा आवडला. दोन आठवडे तो गायब होता, मग नकाशावर 'कऱ्हाड' उमटलं, आडव्या रेघेसकट. मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये ही अडचण जाणवत नाही, कारण त्यांनी हा खटाटोप आपल्या इंजिनात आधीच केलेला असतो.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. पण मराठीचा रकाना हजारो वाड्यांपुढे रिकामाच होता. ग्रुपवर लगेच सूचना आली, 'एआयला सांगा, तो इंग्रजीवरून मराठी करून देईल.' गूगल मॅप्सने २०२१ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांत असं आपोआप लिप्यंतर सुरू केलं आहे, आणि दवाखाने, दुकानं यांच्या पाट्यांसाठी ते उपयोगीही पडतं. पण रायगड जिल्ह्यातलं तळा घ्या. रोमनमध्ये टी, ए, एल, ए. टी म्हणजे त किंवा ट, पहिला ए म्हणजे अ किंवा आ, एल म्हणजे ल किंवा ळ. दोन गुणिले दोन गुणिले दोन: तला, तळा, ताला, ताळा, टला, टळा, टाला, टाळा. आठांतलं एकच खरं, आणि ते कोणतं हे त्या चार रोमन अक्षरांत कुठेही लिहिलेलं नाही. पेणचं पेन होतं ते यामुळेच. उलटीकडेही घोळ: यवतमाळची वणी रोमनमध्ये डब्ल्यूने सुरू होते आणि नाशिकची वणी व्हीने. एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटरने गॅझेटियरसाठी रोमन स्पेलिंगची पद्धत बसवली, तीत दीर्घ स्वरांवर खूण होती. वापरात ती खूण गळाली. एकदा गळालेली माहिती कुठलंही यंत्र परत निर्माण करत नाही, फक्त अंदाज करतं. तळा प्रसिद्ध असल्याने अंदाज बरोबर येईलही. दहा घरांच्या वाडीचं काय?

आणि ज्यांना आपल्या गावाच्या, रिसॉर्टच्या स्पेलिंगमध्ये अंकशास्त्राप्रमाणे एखादा जादा ए घालायचा असतो, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. त्या ए-ने भाग्य उजळल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शोधयंत्रात ठिकाण न सापडल्याचं मात्र आहे.

आता पोरगं वाड्यावाड्यांना फोन करत बसतं. एकच प्रश्न, "आजोबा, ल की ळ?" परवा त्याचाच मला फोन. एका वाडीतल्या आजोबांनी नाव सांगितलं, पण शाळेच्या पाटीवर दुसरंच आहे. कुठलं भरू? मी म्हटलं, आजोबांचं मराठीच्या रकान्यात घाल, आणि पर्यायी नावाचाही एक रकाना आहे, तिथे पाटीवरचं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "काका, शेजारच्या वाडीतले लोक या वाडीला तिसरंच नाव सांगतात."